डोकं की टोक

आमच्या वन्सं तोंडात खिळे धरतात, आणि हे मला प्रत्येक नव्या माणसाला आधी समजावून सांगावं लागतं. नाहीतर तो दुकानात येतो, त्यांना काही विचारतो, त्या नुसती मान हलवतात आणि याला वाटतं, काय शिष्ट बाई आहे! शिष्ट नाहीत हो. तोंड कामात आहे.

आमचा धंदा सोफे, खुर्च्या, बाक यांना कापड चढवायचा. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्या हातात हातोडी. मग खिळा धरायला तिसरा हात कुठून आणायचा? म्हणून चिमूटभर बारीक खिळे गालात ठेवायचे. जीभ त्यातला एक पुढे घेते, वळवते आणि डोकं बाहेर येईल असा ओठांत आणून देते. हातोडीच्या एका बाजूला लोहचुंबक असतो. तो खिळा ओठांवरून उचलायचा, लाकडात रोवायचा, हातोडी उलटी करून ठोकायचा. तोवर दुसरा खिळा ओठांत हजर. डोकं पुढे आहे की टोक, हे ओठ सांगतो. डोळ्यांना दिसत नाही, बोटांना कळायचा प्रश्नच नाही. सगळी भिस्त ओठावर.

हे कसब सासऱ्यांचं. त्यांनी आधी मुलाला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, शिकवायला घेतलं. त्याने लगेच एक खिळा गिळला. खिळा यथावकाश त्याच्या वाटेने बाहेर आला, पण धसका आत राहिला तो राहिलाच. मग थोरली मुलगी पुढे झाली. सासरे म्हणाले, मुलीने तोंडात खिळे धरलेले बरे दिसतात का? "धाकट्याने गिळलेले बरे दिसले का?" असं विचारून तिने डब्यात हात घातला. पुढे बघायला आलेल्या एका मुलाने विचारलं, लग्नानंतरही हे खिळे तोंडात धरणार का? वन्सं म्हणाल्या, "तुमच्या तोंडात नाही ना धरत." स्थळ उठून गेलं. हे मला सासूबाईंनी कपाळावर हात मारत सांगितलं होतं, आणि मी तेव्हाच ठरवलं की या बाईशी भांडायचं तर पूर्ण तयारीनिशी भांडायचं.

वन्सं अडतिशीत आल्या तेव्हा त्यांच्या उजव्या जबड्यात, अगदी मागे, काहीतरी टोचायला लागलं. दुसऱ्या कुणाला आधी दात आठवला असता. आमच्या घरात आठवला खिळा.

"हिरडीत रुतलाय," वन्संनी निदान जाहीर केलं. "शेवटच्या दाढेच्या मागे. जिभेला टोक लागतंय."

मग काय, त्यांनी हातोडीचा लोहचुंबक उकळत्या पाण्यातून काढला, तोंडात घातला आणि खिळा ओढून घ्यायची वाट बघत बसल्या. खिळा येईना. मी म्हटलं, आधी बघू तरी द्या. बॅटरी धरून पाहिलं तर हिरडी लालभडक सुजलेली, आणि तिच्या आडून पांढरं काहीतरी डोकावत होतं.

"वन्सं, खिळा पांढरा असतो का हो?"

"गंजला असेल."

"गंजून पांढरा? ही अक्कलदाढ आहे तुमची."

पलीकडून माझा नवरा म्हणाला, "चला, आली एकदाची अक्कल!" त्याच्या दिशेने स्पंजाचा मोठा तुकडा उडत गेला. स्पंज होता म्हणून वाचला.

मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या करून सूज उतरली. वन्संनी विजय जाहीर केला. दोन महिन्यांनी सूज परत आली, परत उतरली, परत विजय. मी म्हणायची, दातांच्या डॉक्टरांना दाखवू या. त्या म्हणायच्या, "माझ्या तोंडात काय चाललंय ते मला कळतं." कळत कसलं होतं, लोहचुंबक घालून बसल्या होत्या!

तिसऱ्या वेळी मात्र जबडाच धरला. तोंड उघडेना. चमचा कसाबसा आत जायचा, खिळे गालात घ्यायची बातच नको. आणि त्याच सकाळी माझ्या नवऱ्याने, कुणाला काही न विचारता, पिना मारायची गन वन्संच्या बाकावर आणून ठेवली. ही गन त्याची लाडकी. मागे हवेचं यंत्र घरघरतं, घोडा दाबला की पीन लाकडात. वाईट नाही, जलद काम होतं. पण बाक वन्संचा होता.

"ताई, आता खिळ्यांचा नाद सोड," तो म्हणाला. "ते तोंडात धरूनच हे झालंय."

वन्संना धड बोलता येत नव्हतं, पण डोळे बोलले. गन उचलून त्यांनी जमिनीवर ठेवली. त्याने परत बाकावर ठेवली. भावंडांचा हा कार्यक्रम दुपारपर्यंत चालला आणि मी मध्ये पडले नाही, कारण मला माझं काम होतं.

काम म्हणजे नेमकं दातांच्या दवाखान्याचं. तिथल्या रुग्णाच्या खुर्चीची बैठक फाटली होती, ती नव्या रेक्झिनने मढवून तयार होती आणि बसवून द्यायची होती. वन्सं म्हणाल्या, मी येते. बैठक बसवायला, बाकी कशाला नाही, हे त्यांनी मिटल्या दातांतून मला दोनदा बजावलं.

डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या, बोलायला शांत. वन्सं खुर्चीखाली पाठीवर झोपून नट आवळत होत्या. डॉक्टरीणबाईंनी काही विचारलं की वन्सं दातांतल्या दातांत उत्तर द्यायच्या. काम झालं तशा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ताई, बैठक नीट झाली की नाही, बसून नाही बघणार?"

स्वतःचं काम बघायला वन्सं नाही म्हणतील कशा? बसल्या. आणि खुर्ची मागे कलली.

एक्स-रे काढला. तोवर माझा नवराही दवाखान्यात येऊन पोचला, न बोलावता. डॉक्टरीणबाईंनी चित्र उजेडाला धरून दाखवलं. अक्कलदाढा चार. वरच्या दोन सरळ आलेल्या, खालची डावी हाडात अख्खी झोपलेली, कुणाला काही त्रास नाही. खालची उजवी मात्र आडवी कलून शेजारच्या दाढेला रेटत होती. अर्धी बाहेर, अर्ध्या भागावर हिरडीची झडप. त्या झडपेखाली अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा पू होतो. शेजारची चांगली दाढही त्या फटीत किडायला लागली होती.

"खिळ्यांमुळे झालं ना?" माझ्या नवऱ्याने आशेने विचारलं.

"नाही. जबड्यात जागा नाही म्हणून दाढ तिरकी आली. खिळे तोंडात धरणं चांगलं नाही, त्याने पुढचे दात झिजतात, ते मी ताईंना वेगळं बोलणार आहे. पण ही दाढ त्यांनी नाही वाकवली."

"मग चारही काढून टाका एकदाच. रोजची कटकट नको."

वन्संनी खुर्चीवरून उठायचा प्रयत्न केला. डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, "गुपचूप बसलेल्या तिघींनी काय घोडं मारलंय? स्वच्छ ठेवता येते, दुखत नाही, शेजारणीला त्रास देत नाही, ती दाढ राहू दे. अधूनमधून तपासायची. वारंवार सुजते, किडते किंवा शेजारच्या दाढेला किडवते, तीच काढायची. ही एकच जाईल. आधी औषधाने सूज उतरू दे. मध्येच ताप आला किंवा घोट गिळता येईना, तर त्याच पावली इथे यायचं, गुळण्या करत बसायचं नाही."

वन्संचा चेहरा निवळला होता. मग डॉक्टरीणबाईंनी एक्स-रेवर बोट ठेवलं. दाढेची मुळं एका शिरेला टेकली होती. त्या शिरेवर खालच्या ओठाची जाणीव चालते. दाढ काढताना तिला धक्का लागला तर उजवा ओठ बधिर होतो. बहुतेकांचा परत येतो, एखाद्याचा नाही येत.

मग माझा नवरा म्हणाला, "न का येईना. गन आहेच की."

त्याच्या मनात वाईट नव्हतं, हे मी बायको म्हणून सांगते. पण त्या क्षणी मला त्याच खुर्चीत त्याला बसवून त्याची जीभ उपटावीशी वाटली. वन्सं उठल्या, हत्यारं पिशवीत भरली आणि चालू लागल्या.

सूज उतरल्यावर त्या परत गेल्या. मला घेऊन, त्याला दारातच थांबवून.

"शिरेला हात न लावता काही करता येतं का? नाही येत म्हणालात तर दाढ राहील आणि मी दर दोन महिन्यांनी सुजेन. पण ओठ देणार नाही."

"येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दाढेचं वरचं डोकं कापून काढायचं, मुळं तिथेच ठेवायची. त्रास डोक्याचा आहे, शिरेजवळ आहेत ती मुळं. पण कापताना मुळं हलली, तर तीही काढावी लागतील. आणि एवढं करूनही धोका शून्य होत नाही. खोटं सांगणार नाही."

वन्संनी बराच वेळ स्वतःच मढवलेल्या बैठकीवरून हात फिरवला. "करा," त्या म्हणाल्या. "मी म्हणते म्हणून करा. धाकटा म्हणतो म्हणून नाही."

डोकं निघालं, मुळं राहिली. सुईची बधिरता संध्याकाळी उतरली, पण सगळी नाही. ओठाच्या उजव्या कोपऱ्यात लाकूड राहिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, शिरेला थोडा दाब बसला असेल, काही आठवडे थांबा.

वन्सं थांबल्या. त्या दिवसांत त्यांनी बैठकांखालचे पट्टे विणले, कापड कापलं, माझ्या शेजारी बसून शिवण मारली, पण गनला बोट लावलं नाही. ती त्यांच्या बाकावर बसून राहिली. माझा नवरा एकदा म्हणाला, "मी सांगत होतो." त्यावर उत्तर आलं, "ओठ माझा, बधिर झाला तर तोही माझाच. तू तुझं तोंड सांभाळ."

रोज सकाळी त्या डोळे मिटून माझ्यासमोर बसायच्या. मी उकळून घेतलेला खिळा त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला हलकेच लावायची. कधी डोकं, कधी टोक. त्यांनी ओळखायचं. डोकं लावलं की म्हणायच्या टोक. टोक लावलं की म्हणायच्या, "लाव ना." मी म्हणायची, लावलंय वन्सं. मग मी चहा ठेवायला आत जायची आणि आत जाऊन रडायची. त्या रडल्या की नाही ते मला माहीत नाही, आणि त्या सांगणार नाहीत.

मग एका सकाळी त्या म्हणाल्या, "मुंग्या येतायत." दुसऱ्या दिवशीही मुंग्या. त्यानंतर एकदा मी खिळा लावला आणि त्या दचकल्या.

"टोक."

टोकच होतं. मी डोकं लावलं.

"डोकं. थंड आहे."

मशिनीपलीकडून माझा नवरा उठून आला. त्याला पटेना. अंदाजाने सांगत असेल, असं त्याने मला ओठ हलवून सांगितलं, आणि खुणेने म्हणाला, लावूच नको, नुसता जवळ धर. मी खिळा हवेत धरला, ओठापासून केसभर दूर. आम्ही दोघंही श्वास रोखून उभे. वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या.

"काहीच लावलेलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि ही अक्कल तुझी नाही, त्याची आहे. धाकट्या, माझ्या बाकावरून ती गन उचल."