समोर जाऊन बोलणं

बाभुळगावात आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान पुढच्या खोलीत आणि घर मागे. लग्नापासून मी बायकोशी जास्त करून दुकानात बसूनच बोलत आलो. हातात तांब्याची तार आणि तोंडाने हाका: चहा टाक, पान्हा कुठे ठेवला, भाजी काय केली. तीही स्वयंपाकघरातून तशीच मोठ्याने उत्तर द्यायची.

मागच्या उन्हाळ्यात तिचा एक कान वाहायला लागला आणि त्याने ऐकू येईनासं झालं. दुसऱ्याने आधीपासूनच कमी ऐकू यायचं. यवतमाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, कान पूर्ण सुकल्याशिवाय ऐकायचं मशीन लावता येणार नाही, पावसाळाभर थांबा. परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर बघत होती. मी काहीतरी बोललो, तिला कळलंच नाही. हातावर हात ठेवला तेव्हा वळली.

तेव्हापासून काही सांगायचं म्हटलं की हात पुसून उठायचं, मधली खोली ओलांडायची, तिच्यासमोर उभं राहून सावकाश बोलायचं. सुरुवातीला जिवावर यायचं. मग लक्षात आलं, की निम्म्या गोष्टी मधल्या खोलीतच गळून पडतात. पान्हा माझा मीच शोधू लागलो. कधी चिडून उठायचो आणि तिच्यापुढे जाईपर्यंत चिडण्यासारखं फारसं उरायचं नाही.

समोर गेलं की तिचा चेहरा दिसायचा. एका दुपारी गिऱ्हाईक जेवायला थांबणार आहे एवढं सांगायला गेलो, तर ती तूर निवडायची सोडून नुसतीच बसली होती. गिऱ्हाइकाचं सांगून झालं, पण मी तिथेच टेकलो. ती म्हणाली, "सारे हसले का मी बी हसतो. काय झालं ते मले मालूमच नसते."

त्या संध्याकाळी शटर ओढल्यावर मी तिच्यापुढे बसलो आणि दुकानात दिवसभर काय काय झालं ते सगळं सांगितलं. कोणाची मोटर जळाली, कोण कोणावर का हसलं. एका गोष्टीवर ती खरोखर हसली. मग रोजच तसं बसू लागलो.

दिवाळीच्या सुमारास मशीन आलं. पहिल्याच दिवशी कुकरच्या शिटीने ती दचकली. ऐकू येतं का ते बघावं म्हणून मी दुकानातून हळूच हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली.

"आलं ऐकू," ती म्हणाली. "पण तुम्ही उठून येत जा. मले तेच बरं वाटते."

मी जातो. दुकानात गर्दी असली की हाक मारली जाते, नाही असं नाही. मुलगा पुण्याहून फोन करतो तेव्हा आता हातातली तार खाली ठेवून बोलतो. परवा त्याने विचारलं, बाबा, आज काम नाही काय? आहे म्हटलं, आणि बोलत राहिलो. जेवताना टीव्ही मात्र आमच्याकडे अजून चालूच असतो.