नातवासाठी बांधलेली जाड तार

आमच्या घरात मला विजेच्या बटनाला हात लावायची मनाई आहे. पंखासुद्धा बायको लावून देते, मग मी वारा खातो.

त्याचं असं झालं. यवतमाळच्या ऐन थंडीत लेक मयुरी बाळंतपणाला माहेरी आली. दवाखान्यातून नातू घरी आला आणि सुमनने (म्हणजे आमच्या गृहमंत्र्यांनी) बाळंतिणीच्या खोलीत निखाऱ्याची शेगडी ठेवायचं काढलं.

"धूर? माह्या नातवाच्या नाकात?" मी कडाडलो. "आपल्या घरी सारं लाइटवर होईन!"

पहिलाच नातू हो! तो शिंकला तरी मला धडकी भरायची. मी हीटर आणला, बाळाच्या आंघोळीच्या पाण्यासाठी रॉड काढला, ओव्याच्या शेकासाठी विजेची शेगडी मांडली. तिन्ही एकाच एक्स्टेंशन बोर्डावर! हीटरचा जाड पिनांचा प्लग त्यात जाईना, तर बाजारातून त्याला कन्व्हर्टर आणला. (इच्छा तेथे मार्ग!)

बटन दाबलं. फट्! फ्यूज उडाला.

"अवो, तो उगाच उडते का? एकएक लावा ना," सुमन म्हणाली.

"तार बारीक हाये, म्हणून उडते!"

मी शेताच्या कुंपणाची उरलेली तार काढली आणि फ्यूजमध्ये पिळून बसवली. मग काय बिशाद होती त्याची उडायची! हीटर लालबुंद झाला, बादलीतलं पाणी तापायला लागलं, आणि सुमन बाळाला तेल लावायला बसली.

"बाबा, बोर्डाची वायर गरम लागून राह्यली," मयुरी म्हणाली.

"मंग बरंच हाये ना! खोली लवकर गरम होईन."

थोड्या वेळाने सुमनने नाक वर करून हुंगलं. "काहीतरी जळून राह्यलं."

"ओवा असंन."

"ओवा अजून डब्यात हाये!"

बघतो तर बोर्डातून काळा धूर! ज्या धुराला मी दारातून हाकललं होतं, तो पाळण्याशेजारूनच निघत होता. सुमनने धावत जाऊन मेन स्विच पाडला, मयुरीने खिडक्या उघडल्या, आणि मी तेलाने माखलेलं बाळ बनियनच्या आत घालून, वरून शाल गुंडाळून अंगणातल्या उन्हात पळालो. खरं सांगतो, जन्मात एवढा कधी घाबरलो नव्हतो.

सुमन बाहेर आली ती हातात कुंपणाची तार नाचवत.

"हे काय हो? फ्यूज घराचा राखणदार राह्यते! तो भुंकला, तं तुमी त्याचंच तोंड बांधलं?"

मी बाळाला घेऊन पायरीवर बसलो. तिने अंगणातच तीन विटा मांडून चूल पेटवली, वर आंघोळीच्या पाण्याचं पातेलं चढवलं.

"सुमन, थंडी तं नाई ना लागली त्याले?" माझा आवाज रडवेला झाला होता.

तिने शालीत हात घालून बाळाचे तळवे चाचपले आणि एकदम हसली.

"मस्त ऊनऊन हाये. तुमच्या पोटाचा हीटर बरा जी! ना वायर, ना फ्यूज."

बाळ खरंच माझ्या छातीवर गाल टेकून झोपलं होतं. माझा ऊर असा भरून आला म्हणून सांगू! आजोबा झालो ते तेव्हा कळलं. मी ताठ बसलो. तेवढ्यात चुलीपाशी बसलेली मयुरी म्हणाली, "आई, पाणी अजून कोमटबी नाई झालं."

"राहू दे बेटा," मी म्हणालो. पोटावरून गरमागरम धार थेट पायजम्यात उतरत होती. "माही आंघोळ झाली!"