तीन माणसांचा स्वयंपाक

कारखान्याच्या कँटीनमध्ये एकतीस वर्षं आचारी असलेल्या माणसाला घरच्या स्वयंपाकाने घाम फुटावा, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा खुशाल. पण अंदाजकाकांना खरंच घाम फुटला होता, आणि तो का फुटला हे ऐकल्यावर मग ठरवा हसायचं की नाही ते.

काकांना हे नाव कारखान्यातल्यांनीच ठेवलेलं. रोज सहाशे माणसांचं जेवण, पण काका काही मोजून घेतील तर शपथ! मिठाच्या डब्यात हात घालायचा, मूठ भरायची, पातेल्यावरून फिरवायची आणि "आपला अंदाज चुकत नाही" म्हणत पुढच्या पातेल्याकडे सरकायचं. चुकायचाही नाही, उगाच कशाला खोटं बोलू. आणि जेवण कसं झालंय, असं त्यांनी कधी कुणाला विचारलं नाही. जेवणाची सुट्टी संपली की ताटं धुवायच्या टाकीपाशी जाऊन ते उभे राहायचे आणि परत आलेली ताटं बघायचे. "लोक तोंडावर छान छान म्हणतात हो," ते म्हणायचे, "ताटं बघितली की खरं काय ते कळतं." सहाशेतली पाचशे नव्वद तरी पुसून घेतल्यासारखी लख्ख यायची. मग काका मिशीवरून हात फिरवायचे. तेवढी ऐट त्यांना शोभायची.

घरी मात्र या माणसाने कधी साधा चमचा उचलला नव्हता. पहाटे पाचला बाहेर पडायचे ते संध्याकाळी आठला घरात. सुट्टीच्या दिवशी काकू त्यांना स्वयंपाकघराची पायरी चढू द्यायच्या नाहीत. "सहा दिवस सहाशे जणांना घालता, एक दिवस गप बसून खा," असा त्यांचा हुकूम. त्यामुळे गंमत अशी झाली होती की अख्ख्या कारखान्याने काकांच्या हातचं खाल्लं होतं. राहिली होती ती फक्त बायको, बारा वर्षांची लेक आणि घरीच राहणाऱ्या सासूबाई.

मग काकू जिन्यात घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट मोडलं. महिनाभराचं प्लास्टर. काकांनी एकतीस वर्षांत पहिल्यांदा सलग महिन्याची रजा टाकली. साहेबांनी कपाळाला हात लावला, पण काका हट्टाला पेटले होते. घरच्यांना आपला हात दाखवायची अशी संधी पुन्हा कधी मिळणार!

पहिल्या दिवशी त्यांनी बटाटे आणि गाजरं घालून भाजी केली, आणि भात. आपल्या मते अगदी थोडा. घरातलं सगळ्यात मोठं पातेलं पुरेना, म्हणून शेजारून आणखी एक आणलं, एवढा थोडा. बरोबर साडेबाराला सवयीने झाकणावर डावाचे तीन टोले हाणले.

"अगं बाई! आग लागली की काय कुठे?" सासूबाई आतून ओरडत आल्या. दोन पातेली बघून त्या जागच्या जागी थबकल्या. "जावईबापू, रांगेत उभी राहू, की म्हाताऱ्या माणसाने बसलं तर चालेल?"

भाजी खारट झाली होती. थोडीथोडकी नाही, लेक दोन तांबे पाणी प्यायली. काकू म्हणाल्या, "छान झालीय हं." मग तिन्ही ताटं आली. सासूबाईंचं जवळजवळ तसंच होतं, लेकीचं अर्धं, आणि काकूंच्या ताटाच्या कडेला गाजराच्या फोडी रांगेने लावून ठेवलेल्या. तीनच ताटं, पण काकांचा चेहरा पार उतरला. उरलेली भाजी त्यांनी इमारतभर वाटली. तिसऱ्या दिवसापासून काका पातेलं घेऊन जिन्यात दिसले की लोक दारं लावून घ्यायला लागले.

दुसऱ्या दिवशी मिठाला हात लावायची भीती वाटली, म्हणून सगळं अळणी. तिसऱ्या दिवशी भीती गेली, म्हणून पुन्हा खारट. सहाशेचा हात तिघींवर आणायचा कसा, हे त्यांना काही केल्या उमगेना. आता त्यांना दुसरं काही नको होतं. काकूंनी एकदा, फक्त एकदा, आपण होऊन म्हणावं की अजून वाढा. सहाशे ताटं गेली खड्ड्यात!

दोन आठवडे झाले तरी काकू काही म्हणाल्या नाहीत. शेवटी एका दुपारी काका स्टुलावर मटकन बसले. "उद्यापासून बाहेरून डबा लावू," ते म्हणाले. "जगाला जेवू घातलं आणि घरच्या तीन माणसांना घालता येईना. लाज वाटते मला." सासूबाईंनीसुद्धा टोमणा गिळला.

लेक मात्र बापासारखीच हट्टी. तिने तीन वाट्या आणल्या आणि त्यांच्यासमोर मांडल्या. "बाबा, तुम्ही तिघींचा मिळून अंदाज घेताय. एकेकीचा घ्या. ही आजीची वाटी. आजीला काय आवडतं?"

घरात सोळा वर्षं राहणाऱ्या बाईला काय आवडतं, हे काकांना सांगता येईना.

"बरं, आईला?"

"गाजर!" काका ताडकन म्हणाले. "रोज असतं आपल्याकडे."

सासूबाईंना असं हसू फुटलं की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. "अहो, माझ्या पोरीला लहानपणापासून गाजर नजरेसमोर खपत नाही!"

काका काकूंकडे वळले. "मग सोळा वर्षं भाजीत गाजर घालत होतीस ते?"

"तुम्हाला आवडतं ना," काकू म्हणाल्या, अगदी सहज, पाणी पिऊन घ्या म्हणावं तसं.

काकांचे डोळे भरले. ते उठले, पिशवी घेतली आणि मटार आणायला गेले. मटार, कारण आईला तोच आवडतो, असं लेकीने जाता जाता कानात सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता चौघं टेबलाभोवती मटार सोलायला बसली. या घरातले दुपारचे चार काकांनी कधी पाहिलेच नव्हते. खिडकीतून ऊन थेट टेबलावर येतं, हे त्यांना तेव्हा कळलं. लेक शाळेतल्या बाईंची नक्कल करते आणि ती हुबेहूब करते, हे कळलं. सासूबाई सोललेल्यातले निम्मे दाणे तोंडात टाकतात आणि वर दाणेच कमी निघाले म्हणतात, हेही कळलं. काकू डाव्या हाताने एकेक शेंग टेबलावर दाबून फोडत होत्या. दाणे टणाटण उडत होते, आणि एक नेमका काकांच्या मिशीत अडकला. सगळी इतकी हसली की शेजारच्या बाई काय झालं म्हणून डोकावल्या. काकांना वाटलं, हे सगळं रोज चालू होतं आणि आपणच तेवढे इथे नव्हतो. पण आज होते ना! आज होते, आणि त्यांचा ऊर भरून आला होता.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी मटार घालून भात केला. सासूबाईंसाठी मऊ, लेकीसाठी मोकळा, आणि काकूंसाठी तळाशी लागलेला खरपूस, जो काकू इतकी वर्षं लेकीला देऊन टाकत होत्या. मीठ घेताना मूठ भरलीच नाही. तीन वाट्या, तीन चिमटी, बस्स.

तिघी जेवायला बसल्या आणि फोन वाजला. कारखान्याचे साहेब. "अहो, आजच्या आज या. बदली माणसाने वाट लावलीय. सहाशे लोक ताटं बाजूला सारून उठतायत, तुमचं नाव घेतायत. गाडी पाठवतो."

काकांनी मान ताठ केली. एकतीस वर्षांच्या कष्टाचं याहून मोठं बक्षीस कुठलं? आधीच्या आठवड्यात ते चप्पल न घालता पळाले असते. तेवढ्यात काकूंनी डाव्या हाताने, जरा वाकडंतिकडं, ताट पुढे केलं.

"अजून वाढा ना थोडं. तो खालचाच."

काका फोनमध्ये म्हणाले, "साहेब, माझी रजा अजून बारा दिवस आहे. आत्ता माणसं जेवायला बसलीत माझ्याकडे."

"माणसं? किती माणसं?"

"तीन!" काका म्हणाले, आणि सहाशे हा आकडासुद्धा त्यांनी आयुष्यात कधी इतक्या रुबाबात उच्चारला नव्हता. मग फोन ठेवला, पातेलं उचललं आणि तळ खरवडायला घेतला.