सरांचा नारिंगी फटकारा

सरांनी परबकाकांच्या चित्रावर नारिंगी फटकारा मारला, तो मी पाहिलेला नाही. मी बाटलीत पाणी भरायला गेले होते. हे आधीच सांगते, कारण आमच्या मंडळात गैरहजर माणूसच सर्वांत तपशीलवार साक्ष देतो, आणि एका किश्शाचा रंग वाळण्याआधी त्यावर दुसरा थर चढतो.

आम्ही अकरा जण रविवारी सकाळी रस्त्यावर स्टँड मांडून तैलरंगात चित्रं काढतो. शैली इम्प्रेशनिस्ट. म्हणजे वस्तू नव्हे, तिच्यावरचा प्रकाश रंगवायचा. निदान सर तसं म्हणतात. सर म्हणजे रुंद काठाची गवती टोपी आणि शंकेला जागा न ठेवणारा आवाज.

*

सरांचा पहिला नियम : डोळे बारीक करून बघा, नको तो तपशील गळून जातो.

ठाकूरद्वारला एका इमारतीसमोर आम्ही अकराही जण डोळे बारीक करून उभे होतो. पाच मिनिटांत पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ खाली आले.

“काय बघताय हो माझ्या घरात?”

“आम्ही घर बघतच नाही,” सर म्हणाले. “फक्त प्रकाश बघतो.”

“मग शेजाऱ्यांकडे बघा. त्यांची ट्यूब दिवसासुद्धा चालू असते.”

*

दुसरा नियम : काळा रंग वर्ज्य. मी विद्यापीठात कलेचा इतिहास शिकले. तिथे काळ्या रंगावर बंदी नव्हती, बिनबुडाच्या विधानांवर होती.

दादर चौपाटीवर मी एक कावळा काळा रंगवला. सर म्हणाले, “तो निळा आहे. नीट बघा.” मागे एक कोळीणबाई पाटी खाली ठेवून उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मास्तर, कावळा निळा दिसतोय तर आधी डोळे दाखवा कुणाला तरी.”

सरांनी त्यांना कलेतलं कळत नसल्याचं आम्हाला सांगितलं, पण त्या गेल्यावर.

*

तिसरा नियम : शेवटचा हात सरांचा. चित्र संपत आलं की सर मागून येतात, हातातला ब्रश काढून घेतात आणि एक नारिंगी फटकारा ओढतात. “उन्हाचा तुकडा. आता जिवंत झालं.”

माटुंग्याला आभाळ भरलेलं होतं. मी म्हटलं, “सर, आज ऊनच नाही.”

“म्हणूनच गरज आहे.”

मागच्या प्रदर्शनात एका पाहुण्यांनी विचारलं, “ही सगळी एकाच माणसाची चित्रं का?” सरांनी नम्रपणे मान झुकवली.

*

परबकाकांनी लालबागची त्यांची चाळ रंगवायला घेतली, तेव्हा ती रिकामी होऊन महिना झाला होता आणि लवकरच पडणार होती. काका गिरणीत मशीन दुरुस्त करायचे. अंदाजाने काही करत नाहीत. बंद दारं, मोकळे कठडे, जसं होतं तसं त्यांना हवं होतं. पांगलेले शेजारी प्रदर्शनाला येणार होते. “आता एवढंच उरणार,” ते म्हणाले, “ते तरी बरोबर असू दे.”

मी पाणी घेऊन परतले, तर तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर नारिंगी फटकारा.

“सर, तिथं काही नाहीये,” काका म्हणत होते.

“मला दिसलं.”

“काय दिसलं?”

“प्रकाश.”

काकांनी रंग खरवडायचा चाकू उचलला. रंग ओला होता, एका हातात निघाला असता.

“खरवडलंत तर चित्र प्रदर्शनात लागणार नाही,” सर म्हणाले.

काकांनी चाकू खाली ठेवला.

*

प्रदर्शनाच्या दिवशी काका लवकर आले. “चाळीतली मंडळी यायच्या आत खरवडतो,” ते मला हळूच म्हणाले. “लागलेलं चित्र सर आता काय काढणार?”

पण त्यांच्याआधी सुलभामावशी येऊन बसल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या, ऐंशीच्या पुढच्या.

“वसंता, ही माझी साडी रे,” त्या फटकाऱ्याकडे बोट दाखवून काकांना म्हणाल्या. “निघताना कठड्याच्या दोरीवरच राहिली. मुलाला म्हटलं आण, तर गेटला कुलूप. नारिंगीच होती.”

“मावशी, तिथं काही नव्हतं. दोन तास बघत होतो मी.”

“नीट बघत होतास?”

“डोळे बारीक करून,” काका म्हणाले.

काकांनी चाकू खिशात ठेवला.

लालबागला त्या दिवशी मी तळमजल्याचा जिना रंगवत होते, त्यामुळे माझी साक्ष निरुपयोगी. पण पाण्याला जाण्यापूर्वी मी चाळीचा एक फोटो काढला होता. तो तिथेच उघडून मोठा केला. तिसरा मजला, डावीकडून चौथी खोली.

नेमक्या त्या कठड्यावर सरांची टोपी आली आहे.