एकोणीस सारखी उत्तरं

प्रात्यक्षिक परीक्षेत मी आयुष्यात एकदाच कुणाला शून्य दिलं, आणि तेही नेमकं चुकीच्या मुलीला. हे मीच सांगितलेलं बरं. आमची नात फार रंगवून सांगते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इंदापूरच्या एका कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकवायला लागले होते. एम.एस्सी.ला पहिला वर्ग मिळालेला, पर्समध्ये कॅल्क्युलेटर आणि नाक पंख्याच्या उंचीवर. प्रयोगशाळा सांभाळायला एक मामा होते, लासुर्ण्याचे. शिक्षण आठवी. दारामागच्या स्टुलावर बसायचे. असा माणूस तुमच्याही कॉलेजात असणार, आणि तुम्हीही त्याला पाणी आणायलाच सांगितलं असणार.

"मामा, उद्या किती वाजता येणार?"

"पावणेनऊ. पाच मिनिटं हिकडंतिकडं."

"स्टोव्हात रॉकेल किती आहे?"

"बोटभर. अर्धं पेर हिकडंतिकडं."

"मामा, विज्ञानात हिकडंतिकडं चालत नाही," असं ऐकवून मी वर्गात गेले आणि मोजमापातल्या त्रुटींचा धडा शिकवला: कोणतंही माप थोडं मागेपुढे असतंच. यात काही विसंगत आहे हे माझ्या लक्षात आलं नाही. हुशार होते ना.

परीक्षेत स्क्रू गेजने तारेची जाडी मोजायची होती. वीस मुलं. एकोणीस जणांचं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत सारखं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. विसावी, डाळजची मुलगी. तिचं उत्तर वेगळं.

"ही कुठली जाडी?"

"मोजली तेवढीच हाय, बाई."

"म्हणजे एकोणीस जण चुकले आणि तू एकटी बरोबर?"

मी लाल पेनाने शून्य काढलं, चांगलं गोल.

प्रात्यक्षिकात नापास म्हणजे बारावीचा फॉर्म अडकणार. तिच्या वडिलांनी आधीच बजावलेलं, एकदा अडकलीस की कॉलेज बंद. हे मला ठाऊक होतं, तरी माझा हात थांबला नाही. ती दारात उभी राहिली, रडली नाही. एवढंच म्हणाली, "मामांना इचारा की."

तिचं तोंड बंद करावं म्हणून मी मामांच्या स्टुलापाशी गेले.

"तार सोमवारी तुटली," मामा म्हणाले. "मोटार रिवाइंडिंगवाल्याकडनं दुसरी आणून लावली. जरा बारीक हाय."

"मग एकोणीस जणांनी मोजलं काय?"

"मागल्या पोरांच्या वह्या."

मी तार स्वतः तीनदा मोजली. तिन्ही वेळा ती मुलगीच बरोबर. गुणांची यादी तोवर प्राचार्यांच्या टेबलावर गेली होती. तिथे उभी राहून 'चूक माझी' असं लिहून दिलं. प्राचार्य म्हणाले, "इतकी वर्षं सगळं जुळत होतं. तुम्ही आल्यावरच कसं बिघडलं?" मुलीचा फॉर्म मात्र वेळेत भरला गेला.

एकोणीस जणांना पुन्हा मोजायला बसवलं. एकोणीस उत्तरं आली, एकाचं दुसऱ्याशी जुळेना. इतका समाधानकारक निकाल मी नंतर कधी पाहिला नाही.

मामा पुढच्याच वर्षी निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेला माणूस वेळ घड्याळात बघून सांगायचा आणि उशिरा यायचा.

पण त्या संध्याकाळी कुलूप लावता लावता मी मामांना विचारलं होतं, "जुन्या तारेचं उत्तर तरी बरोबर होतं ना?"

किल्ली खिशात टाकत ते म्हणाले, "न्हाय बाई, ते बी चुकलेलंच हुतं. पर बारा वर्षांत मला इचारणाऱ्या तुमी पहिल्याच."