वंदनाचे किडे

"वंदना गेली," तिचे यजमान सुरेशभाऊजी फोनवर म्हणाले. मी विचारलं, "चिचगडले? एवढ्या पावसात?" पलीकडून हुंदका आला, आणि मला कळलं. चिचगडच्या जंगलात वीज पडली होती. ती मोहाच्या झाडाखाली उभी होती. त्याच सकाळी आमगावच्या स्टँडवर आम्ही दोघींनी चहा घेतला होता. महिना उलटला, तरी 'गेली' हा शब्द कुणी उच्चारला की अजून माझ्या तोंडी येतं, कुठं?

वंदना आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची, मी मराठी. मेलेल्या जनावरांवर येणारे किडे हा तिचा ध्यास. धानाच्या बांधावर मेलेला उंदीर दिसला की ती तो उचलून जंगलात जाळीखाली ठेवायची आणि येऊन-जाऊन बघायची. "मेलेला उंदीर कायले जपून राहिली बाई?" चिचगडच्या बाया विचारत. "पाहुणे येतेत ना त्याच्याकडं," ती हसायची आणि ते किडे तळहातावर घेऊन दाखवायची. हा चपटा काळा, हा निळा, लाल पायांचा, हा माशांच्या अळ्या खाणारा, आणि हा सगळं वाळल्यावर कातड्यासाठी येणारा. थंड डोंगरात म्हणे मढं जमिनीत पुरणारे किडे असतात, नर-मादी मिळून पिल्लांना तोंडानं भरवतात. ते आपल्याकडं सापडत नाहीत, याची तिला फार हळहळ.

माझा कुत्रा, काळू, मेला तेव्हा ती माझ्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून हळूच म्हणाली, "मले देशील का त्याले?" मी सुन्न झाले. तरी दिला... का, ते आजही सांगता येत नाही. काही आठवड्यांनी ती मला तिथं घेऊन गेली. थोडे केस, स्वच्छ हाडं, मधून वर आलेलं कोवळं गवत. "एकटा नोहता तो," ती म्हणाली. "किती जण आले होते!"

परवा तिच्या घरी गेले. मागच्या खोलीत काचेच्या पेट्या, त्यांत ओळीनं टाचलेले किडे. वास येतो म्हणून भाऊजी त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. आता मुंग्या लागू नयेत म्हणून डांबरगोळ्या ठेवत होते.

"यातला तिले कोणता आवडे?" त्यांनी विचारलं.

मला ठाऊक नव्हतं. भाऊजींनी एक पेटी खिडकीपाशी उजेडात आणली, आणि आम्ही दोघं एकेक किडा बघत बसलो...