आधी तुझ्या खुर्चीत बसू दे

साळवेकाका पुस्तक देण्याआधी त्या माणसाच्या खुर्चीत बसून बघत. म्हणजे तो माणूस दिवसभर जिथे बसून काम करतो, त्याच खुर्चीत. पाच-दहा मिनिटं गप्प बसायचे, समोर बघायचे, 'बरं' म्हणून उठायचे आणि दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन यायचे. हा काय प्रकार आहे ते पहिल्या दिवशी मला कळलं नाही. पुण्यातल्या माझ्या साहेबांना तर मुळीच कळलं नाही. कारण तेव्हा माझी मीटिंग चालू होती आणि मी पाणी प्यायला उठले होते. परत आले तर मफलर गुंडाळलेला एक म्हातारा माझ्या खुर्चीत बसून संगणकाच्या पडद्याला हात जोडून सांगत होता, "जय भीम, साहेब. पोरगी येऊ लागली, पाणी प्यायला गेली."

ते आले होते बाबांनी नेलेलं पुस्तक परत न्यायला. बाबा जाऊन वर्ष होत आलं होतं. पुण्याची खोली सोडून मी छावणीतल्या आमच्या घरी येऊन राहिले होते आणि घरूनच कंपनीचे विम्याचे अर्ज तपासत होते. किराणा दारात, भाजी दारात. महिना-महिना उंबरा ओलांडायची वेळ येत नसे. एकदा तर दारात उभ्या असलेल्या दूधवाल्याला मी "आवाज येतोय ना?" असं विचारलं, आणि त्या दिवशी मला माझीच भीती वाटली. माणसांत राहायची सवय सुटत चालली होती, आणि ती पुन्हा लागेल याची खात्री वाटत नव्हती.

मी तशी शहाणी. दुखण्यावर पुस्तकी औषध शोधणारी. 'घरून काम करणाऱ्यांनी वाचावीत अशी दहा पुस्तकं' अशी एक यादी मी इंटरनेटवरून उतरवून घेतली होती. ती काकांपुढे धरली. वेळेचं नियोजन, एकाग्रता, शिस्त, पुन्हा एकाग्रता. काकांनी यादी दोनदा वाचली.

"हे तर समदं कामच हाय की," ते म्हणाले. "कामावरून उठायचं आन् पुन्हा कामच वाचायचं व्हय?"

मूळचे देवगाव रंगारीचे. एका कॉलेजच्या ग्रंथालयात शिपाई म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बाद होऊन रद्दीत निघालेली पुस्तकं रीतसर मागून घेत त्यांनी दोन खोल्या भरल्या होत्या. "मला शिकाया उशीर झाला, म्हणून हावरट हाय," असं स्वतःच सांगायचे.

माझ्या खुर्चीतून त्यांना काय दिसलं असेल? समोर भिंत, आणि भिंतीवर ओलीचा मोठा डाग. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणलं ते आपल्या शहरात जमिनीखालून पाणी आणणाऱ्या जुन्या नहरींवरचं एक पातळ पुस्तक. "रोज ओल बघतीस. पाणी कुठून येतं ते तर वाच." डाग शेजाऱ्यांच्या टाकीचा होता, हे पुढे निघालं. पण तोवर मी त्या नहरींचे भाजक्या मातीचे खापरी नळ कुठून कुठे जात होते ते शोधत दोन रविवार उन्हात फिरले होते आणि अनोळखी लोकांना पत्ते विचारले होते. आवाज येतोय का, हे विचारायची गरज पडली नाही.

काकांचा अंदाज दर वेळी बरोबर यायचा असं नाही. पलीकडच्या गल्लीत घरून संगणकाचं काम करणारे एक गृहस्थ होते. त्यांची खुर्ची स्वयंपाकघराकडे तोंड करून, म्हणून काकांनी त्यांना लोणच्यांचं पुस्तक दिलं. गृहस्थ रुसले. त्यांच्या बायकोने मात्र ते महिनाभर परत केलं नाही.

नियम कडक. एका वेळी एकच पुस्तक, तेही पातळ, आणि आठ दिवसांनी स्वतः चालत येऊन परत करायचं. "दोन द्या ना, खेपा वाचतील," असं मी म्हणून पाहिलं. कुणाबरोबर तरी पाठवून देते, असंही म्हटलं. "पुस्तकाला पाय नायत, तुला हायेत," एवढंच उत्तर. हा सरकारी खाक्या त्यांच्या अंगात मुरलाय, असं मला वाटे. मी कुरकुरत जायची. काकू चहा ठेवायच्या. पुस्तकाबद्दल विचारलं की "मला काय कळतंय त्यातलं" म्हणत आत वळायच्या.

तीन वर्षांनी काकांचे डोळे गेले. एकदम नाही, हळूहळू. मग एके दिवशी मला म्हणाले, "आता तू बस माझ्या खुर्चीत. बघ, मला काय द्यायचं ते."

मी बसले. खिडकीतून फाटक दिसत होतं. दुसरं काहीच नाही.

"काय दिसलं?"

"फाटक."

"मला तेबी दिसत नाय आता. कडी वाजली की कळतं कोण आलं ते. तू पहिल्यांदा आलीस ना, तवा कडी वाजलीच नव्हती. इतकी भीत-भीत आलीस." मग म्हणाले, "तुझ्या बापालाबी एकच द्यायचो. दोन दिले असते तर निम्म्या वेळा आला असता."

मला एकदम रडू आलं. ज्या खेपांवर मी कुरकुरत होते, त्यांनीच मला घराबाहेर काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी बाबांच्या कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक घेऊन गेले. गावोगाव जमीन मोजत फिरलेल्या एका मोजणीदाराच्या आठवणी. काकांनी ते हातात घेऊन वजन पाहिलं आणि हसले. "लई दिवसांची सोय केलीस, पोरी."

दर आठ दिवसांनी मी त्यांना पंधरा-वीस पानं वाचून दाखवायची. काकू उंबऱ्यापाशी तूर निवडत बसायच्या. मोजणीदार पूर आलेल्या नदीच्या काठी अडकला होता, तिथे आम्ही थांबलो. त्या आठवड्यात काका गेले.

तेरा-चौदा दिवसांनी मी ते पुस्तक घेऊन गेले. त्यांच्याच पुस्तकांत ठेवावं, असं वाटत होतं. कडी वाजवली. काकू काकांच्या खुर्चीत बसल्या होत्या. मी पुस्तक पुढे केलं, त्यांनी हात लावला नाही.

"त्यो माणूस अजून नदीच्या अल्याडच हाय ना?" त्या म्हणाल्या. "वाच. पण आज त्याला पल्याड नेऊ नको. आठ दिवसांनी पुन्हा ये."